अर्ध्या प्लेटचा फरक

दोन रेघा होत्या. एक निळी, एक काळी. तीन आठवडे झाले तरी दोघी एकमेकींवर बसायला तयार नव्हत्या, आणि फरकताईचं डोकं त्या दोघींच्या मधल्या फटीत अडकून पडलं होतं.

काळी रेघ खरी, म्हणजे मोजलेली. प्रयोगशाळेच्या मागच्या लांब शेडमध्ये पोलादाच्या तीस प्लेटा एकामागे एक उभ्या केल्या होत्या, आणि दर दोन प्लेटांच्या मधे प्लास्टिकच्या चकत्या, कण लागला की चमकणाऱ्या. या सगळ्या प्रकाराला सगळे ‘थप्पी’ म्हणत. थप्पीच्या तोंडावर वेगवान इलेक्ट्रॉन सोडायचा, एका वेळी एक. तो पोलादात घुसतो, आपटतो, त्यातून आणखी कण निघतात, दोनाचे चार, चाराचे आठ, आणि बघता बघता आतमध्ये कणांची सर कोसळते. सर वाढत जाते, कुठल्याशा प्लेटपाशी ऐन भरात येते, मग दमते आणि विरते. कुठे किती जोर होता ते चकत्या सांगतात. ते आकडे जोडले की काळी रेघ तयार: चढ, माथा, उतार.

निळी रेघ कॉम्प्युटरातली. तिथेही थप्पी, तिथेही तीस प्लेटा, तिथेही इलेक्ट्रॉन, फक्त सगळं लिहिलेलं. सिम्युलेशन. खोट्या थप्पीत खोटी सर पाडायची आणि तिची रेघ खऱ्या रेघेवर ठेवून बघायची. बसली, तर थप्पी आपल्याला कळली. नाही बसली, तर काहीतरी कळलेलं नाही. फरकताईची नोकरी एवढीच, की एकावर एक ठेवून बघायचं आणि सांगायचं, फरक किती.

निळीचा माथा बाराव्या प्लेटपाशी. काळीचा साडेबाराव्या.

“अर्धी प्लेट!” कँटीनच्या रांगेत ती स्वतःशीच पुटपुटली, तर वाढणाऱ्यानं खरोखरच अर्धी प्लेट वाढून दिली. तिनं ती तिथंच उभ्या उभ्या रागानं खाल्ली.

ती शास्त्रज्ञ नव्हती. शास्त्रज्ञ यायचे आणि जायचे. दोन वर्षं, तीन वर्षं, मग निरोपाचा केक, सगळ्यांचा एक फोटो, की संपलं. ही सव्वीस वर्षांपूर्वी टायपिस्ट म्हणून आली ती राहिली. आधी दुसऱ्यांचे आकडे टाइप केले. टाइप करता करता तिच्या लक्षात यायला लागलं की या कागदावर सात आहे तिथे त्या कागदावर नऊ आहे. मग ती खुर्ची मागे सारून उठायची आणि जाऊन विचारायची, “हा फरक कशाचा?” लोक पहिल्यांदा हसले. मग चिडले. मग एकानं तिला एक कॉम्प्युटर आणि एक खिडकी देऊन टाकली आणि म्हणाला, “बाई, आता तूच शोध.” खिडकीतून सायकलींची शेड दिसायची. प्रोग्रॅम लिहायला ती पुस्तकातून शिकली, चुका करत आणि पुस्तकाला बोल लावत.

आता थप्पी कुठलीही असो, दोन रेघांच्या खाली “जुळले” लिहून सही करायचा मान तिचा. त्या सहीशिवाय काम एक पाऊल पुढे सरकायचं नाही. तिला टरकून असणारे होते, तशी पाठीमागे तिची नक्कल करणारेही होते. नक्कल अगदी सोपी. चष्मा नाकाच्या शेंड्यावर घ्यायचा, मान कोंबडीसारखी पुढे काढायची आणि म्हणायचं, “फरक? कि-ती?”

घरी तरी काय वेगळं! स्वयंपाकघरात दोन घड्याळं होती, शेजारी शेजारी. पाहुण्यानं विचारलं की एक असताना दुसरं कशाला, तर उत्तर तयार: “एकटं घड्याळ काय, काहीही सांगेल.”

तर तीन आठवडे. पहिल्या आठवड्यात तिनं इलेक्ट्रॉन सोडणाऱ्यांना धारेवर धरलं. ठरलेल्या जोराचेच सोडलेत ना? तेच सोडले होते. नोंदी चोख. दुसऱ्या आठवड्यात चकत्यांच्या मागे लागली. एकेक चकती उजेडाला लावून तपासली, कोरडी, स्वच्छ, जागच्या जागी. तिसऱ्या आठवड्यात कॉम्प्युटरातल्या सरीचे नियमच बदलून पाहिले. कण कसा फुटावा याची तीन वेगवेगळ्या तज्ज्ञांनी लिहिलेली तीन गणितं असतात, तिन्ही लावली. निळी रेघ हलली ती केसभर, आणि तीही उलट्या दिशेला.

“ताई, टेक्निकली,” शेजारच्या टेबलावरची संशोधक म्हणाली. ही नवीन पीएच.डी. झालेली मुलगी. हिचं प्रत्येक वाक्य ‘टेक्निकली’नं सुरू व्हायचं आणि ‘ना’वर लोंबकळायचं, म्हणून नावच पडलं होतं टेक्निकली. “टेक्निकली, आपण या थप्पीत भूत पाठवलंच नाहीये ना?”

भूत म्हणजे बिनकामाचा कण. तो कॉम्प्युटरातच असतो. कशावर आपटत नाही, फुटत नाही, सर पाडत नाही. नाकासमोर चालत जातो आणि वाटेत पोलाद किती लागलं, प्लास्टिक किती लागलं, तेवढं मोजून सांगतो. आपण लिहिलेली थप्पी आणि आपल्या मनातली थप्पी एकच आहे ना, हे बघायला. नवीन माणूस आला की फरकताईचा पहिला धडा हाच असायचा: आधी भूत, मग सर.

“भूत तुमच्या फाइलींना,” ताई म्हणाली. “ही फाइल मी लिहिलीय.”

“हो, पण टेक्निकली...”

“अगं बाई, तू शाळेत असल्यापासून मी या फाइली लिहितेय! मला माहीत नाही का माझ्या प्लेटा किती जाड आहेत ते? दहा मिलिमीटर!”

टेक्निकली आपल्या पडद्याकडे वळली, पण तिचा तो ‘ना’ बराच वेळ हवेत तरंगत राहिला.

मग साहेब आले. गटाचे प्रमुख. मोठे विद्वान, माणूस वाईट नाही, पण बोलणं असं की प्रश्नही तेच विचारणार आणि उत्तरंही तेच देणार. समोरच्यानं नुसती मान हलवायची.

“म्हणजे असं बघा ताई. जुळत नाही का? जुळत नाही. किती टक्के? चार. का? माहीत नाही. मग काय करायचं? निळ्या रेघेला एक पूर्णांक शून्य चारनं गुणायचं. झालं.”

“कशाबद्दल गुणायचं?”

“म्हणजे असं बघा...”

“नाही, मी बघितलंय. तीन आठवडे तेच बघतेय. कारण माहीत नसताना गुणायचं म्हणजे दार बसत नाही म्हणून भिंत तासायची. मी सही करणार नाही.”

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. “गुरुवारी अकराला बैठक. या परीक्षेच्या थप्पीवरून मोठ्या थप्प्यांना हिरवा कंदील द्यायचा की नाही? द्यायचा. मग कारण शोधून कोण देणार? तुम्ही.”

आणि इथं फरकताईनं ती गोष्ट केली.

इलेक्ट्रॉन बरोबर, चकत्या बरोबर, गणितं बरोबर. राहता राहिलं पोलाद. प्लेट पातळ असली तर सरीला भरात यायला जास्त प्लेटा लागणार, माथा पुढे सरकणार. चार टक्के पातळ म्हणजे दहाच्या जागी नऊ पूर्णांक सहा. हिशेब चपखल बसत होता. तिनं सगळ्यांना एक मेल पाठवली. त्यातलं शेवटचं वाक्य असं होतं: “प्लेटा ठरल्यापेक्षा पातळ असण्याची शक्यता नाकारता येत नाही.”

मोठ्या सावधपणे लिहिलेलं वाक्य. पण लोकांना सावध वाक्यं वाचायला वेळ कुठे असतो? संध्याकाळपर्यंत ते झालं, “मिस्त्रीनं प्लेटा पातळ केल्या.”

मिस्त्री म्हणजे वर्कशॉपचा प्रमुख फिटर. एकोणतीस वर्षांची नोकरी, निवृत्तीला आठ महिने. परीक्षेच्या थप्पीच्या तीस आणि मोठ्या थप्प्यांसाठी आणखी तीनशे तीस, अशा तीनशे साठ प्लेटा त्यानं वर्षभर घासून तयार केल्या होत्या. मेल गेल्याच्या दुसऱ्या दिवशी स्टोअरवाल्यानं त्या प्रत्येक प्लेटच्या भोकात तार ओवून लाल कार्ड बांधलं: वापरू नये. गुरुवारच्या बैठकीत ठराव ठरल्यातच जमा होता. प्लेटा भंगारात, नवीन काम बाहेरच्या कारखान्याला आणि मिस्त्रीला उरलेले आठ महिने स्टोअरमध्ये बसवायचं.

मिस्त्री भांडला नाही. रोज दहा वाजता तो ताईच्या टेबलावरून जाताना “ताई, चहा?” म्हणायचा. ते तेवढं बंद झालं.

मंगळवारी संध्याकाळी ती घरी आली तेव्हा अण्णा, तिचे वडील, बाही वर करून रक्तदाबाच्या मशीनपुढे बसले होते. अण्णांनी जन्मभर शिंपीकाम केलं होतं. मापाची टेप अजूनही खिशात असायची, का ते कोणी विचारत नसे. समोर वही, पेन्सिल आणि सात आकडे, त्यातल्या सहांवर काट मारलेली.

“हे काय?”

“रक्तदाब. एकशे चौतीस. उत्तम आहे.”

“आणि हे खोडलेले? एकशे बासष्ट, एकशे साठ, एकशे पासष्ट?”

“ते मशीनचे. सातवा माझा.”

“अण्णा! आवडेल तो आकडा येईपर्यंत मोजायचं नसतं!”

“असं?” अण्णांनी पेन्सिल कानामागे खोवली. “मग तू तीन आठवडे काय करतेयस?”

“मी आवडेल तो शोधत नाहीये, जुळेल तो...” तिनं वाक्य अर्धं सोडलं. मग पिशवी खुर्चीवर आपटून सगळं सांगितलं, मिस्त्रीसकट, लाल कार्डांसकट.

अण्णांनी ऐकून घेतलं. “माझी टेप एकदा ताणली होती,” ते म्हणाले. “भिजली, मी पिळून वाळवली, ती ताणली. मला पत्ता नाही. सहा सदरे आखूडच आखूड झाले. गिऱ्हाईक मला बोललं, मी कारागिराला बोललो. चांगला होता. तोंडातून अक्षर न काढता निघून गेला.”

“आणि?”

“आणि काय? टेप माझी होती.”

फरकताईच्या डोक्यात एकदम उजेड पडला. मिस्त्रीचं मोजायचं हत्यारच खोटं असणार! तो बिचारा प्रामाणिकपणे मोजतोय, पण हत्यार चार टक्क्यांनी चुकतंय. तिनं अण्णांचा हात दाबला, म्हणाली, “अण्णा, तुम्ही म्हणजे ना!” आणि जेवणात दोन घास जास्त गेले. अण्णा तिच्याकडे बघत राहिले. आपण नेमकं काय सांगितलं असावं, याचा त्यांना पेच पडला होता.

बुधवारी सकाळी ती मोजमापाच्या खोलीतून प्रमाण ठोकळा घेऊन वर्कशॉपमध्ये गेली. ठोकळा म्हणजे मखमलीच्या डबीत ठेवलेला पोलादाचा छोटा तुकडा, बरोबर दहा मिलिमीटर, त्याबद्दल दुमत नाही. वर्कशॉपमध्ये तेलाचा वास आणि चाकांची घरघर होती. मिस्त्री टेबलापाशी उभा होता. त्याची बोलायची तऱ्हा अशी, की समोरच्याच्या वाक्याचं शेपूट उचलायचं, झटकून बघायचं आणि मग त्यावर आकडे ठेवायचे.

“मिस्त्री, तुमचं मायक्रोमीटर तपासायचंय.”

“तपासायचंय?” त्यानं हात पुसले. “तपासा.”

तिनं ठोकळा धरला. मिस्त्रीनं मायक्रोमीटर उघडलं, ठोकळा आत घेतला, टोकाची चकरी फिरवली. कट, कट, कट असा बारीक आवाज आला. वाचून तिच्यापुढे धरलं. दहा पूर्णांक शून्य शून्य.

“पुन्हा,” ती म्हणाली.

“पुन्हा?” दहा पूर्णांक शून्य शून्य.

“आता प्लेट.”

लाल कार्डवाली पहिली प्लेट ओढून घेतली. नऊ जागी मोजली, मिस्त्रीनं नाही, तिनं. चष्मा शेंड्यावर, मान पुढे. दहा पूर्णांक शून्य एक. नऊ पूर्णांक नव्याण्णव. दहा. दहा. दुसरी प्लेट. तिसरी. अकरावी. तेलानं तिच्या बाहीचा सत्यानाश झाला.

“पातळ आहेत?” मिस्त्रीनं विचारलं.

तिनं अकरावी प्लेट पुन्हा एकदा मायक्रोमीटरात धरली.

“ताई, माझं मोजून झालं. तुमच्या त्या कॉम्प्युटरातली प्लेट किती आहे?”

“दहा.”

“मोजलीत?”

“अहो, ती मोजायची नसते. लिहिलेली असते!”

“लिहिलेली असते?” मिस्त्रीनं ठोकळा डबीत ठेवला, डबी बंद केली आणि तिच्या हातात दिली. “वाचा मग.”

या बोलण्यावर इतकं चिडण्यासारखं काही नव्हतं, पण ती अशी चिडली की जिना चढताना दोनदा अडखळली. आपल्या खोलीत आली. टेक्निकली जागेवर नव्हती. बरं झालं. ताईनं दार लोटलं, खुर्ची ओढली आणि नुसतं एकदाचं तोंड बंद करावं म्हणून, मिस्त्रीचं, अण्णांचं आणि त्या ‘ना’चं, खोट्या थप्पीत भूत सोडलं.

भूत गेलं आणि आलं. पोलाद, पहिली प्लेट: दहा पूर्णांक चार.

दुसरी: दहा पूर्णांक चार. तिसावी: दहा पूर्णांक चार.

तिनं फाइल उघडली. वर स्वच्छ लिहिलं होतं, प्लेटची जाडी दहा. ती खाली उतरत गेली. शंभर ओळी, दोनशे, तीनशे. तीनशे एकेचाळिसाव्या ओळीत जाडीला एक पूर्णांक शून्य चारनं गुणलेलं होतं. शेजारी टिपण होतं, आणि ते कोणाचं हे विचारायची सोय नव्हती, कारण “पुढच्या” असं लिहिताना ‘ढ’च्या जागी नेहमी ‘ध’ टाइप करणारी बाई त्या इमारतीत एकच होती.

“तात्पुरते. पुधच्या आठवड्यात काढणे.”

तारीख अकरा वर्षांपूर्वीची.

सगळं आठवलं. जुन्या थप्पीच्या वेळी कारखान्यातून प्लेटा जाड आल्या होत्या. चार टक्के जाड. बैठक उद्यावर आली होती म्हणून सगळीकडचे आकडे बदलण्याऐवजी तिनं एका जागी गुणून टाकलं होतं. त्या थप्पीला ते बरोबरच होतं. या वर्षी नव्या थप्पीची फाइल करताना जुनीच उचलली, नाव बदललं, वरची ओळ सुधारली आणि चहा प्यायला गेली. खरी प्लेट दहाची, खोटी दहा पूर्णांक चारची. खोट्या प्लेटा जाड, म्हणून खोटी सर आधी भरात येत होती. काळी रेघ उशिरा नव्हतीच. निळी घाईत होती. तीन आठवडे अख्ख्या इमारतीच्या तोंडचं पाणी पळवून ती ज्याच्या मागे हिंडत होती, ते तिच्याच पदराला बांधलेलं होतं.

“मूर्ख!” ती म्हणाली. मग आणखी चार शब्द, जे अण्णांनी ऐकले असते तर रक्तदाब खरोखरच एकशे पासष्ट झाला असता.

ओळ काढली, सर पुन्हा पाडली. दोन तासांनी निळी रेघ काळीवर अशी बसली की काळी दिसेनाशी झाली. तीन आठवडे या क्षणाची वाट बघितली होती, आणि आता बघवत नव्हतं.

दुपारी ती साहेबांकडे गेली. साहेबांनी चित्र पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

“म्हणजे असं बघा, जुळलं का? जुळलं! काय केलंत? काही का असेना. लिहून टाका, सिम्युलेशनमध्ये सुधारणा करण्यात आली.”

“सुधारणा नाही. चूक होती. माझी.”

“चूक होती का? होती. गेली का? गेली. मग सांगायची कशाला?”

“आणि प्लेटा?”

साहेबांनी पेन उघडलं, बंद केलं. “लाल कार्ड काढायचं तर फॉर्म लागतो. त्यात काय लिहावं लागतं? कार्ड कोणाच्या सांगण्यावरून लागलं आणि ते का चुकलं. मग बैठकीत कोण विचारणार? सगळे. ताई, तुमच्या सव्वीस वर्षांच्या सह्या आहेत. उद्या एक सही हलली की लोक बाकीच्या उघडणार नाहीत का? उघडतील. बाहेरच्या कारखान्याशी बोलणं झालेलंच आहे. होऊ द्या नवीन प्लेटा.”

“आणि मिस्त्री?”

“आठ महिने काय, असे जातील. स्टोअरमध्ये पंखा आहे, खुर्ची आहे...”

“सर,” ताई म्हणाली, “त्या माणसानं तीनशे साठ प्लेटा नऊ-नऊ जागी मोजल्यात. मी एक ओळ वाचली नाही. आणि खुर्ची त्याला?”

साहेबांनी पेन पुन्हा उघडलं, पुन्हा बंद केलं.

ती बाहेर पडली. सह्यांचं साहेब खोटं बोलत नव्हते. सव्वीस वर्षं लोक तिला भ्यायले ते एवढ्याचसाठी, की ती चुकत नाही. ते गेलं तर मागे काय उरणार होतं? नाकाच्या शेंड्यावरचा चष्मा आणि दोन घड्याळं. खोलीत येऊन तिनं ते “सुधारणा करण्यात आली” लिहून पाहिलं. वाचायला फार सोपं वाक्य होतं. कुठे माणूसच नव्हता त्यात. तिनं ते पुसलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. शेवटी टेक्निकली परत आली, तिनं पडद्यावरच्या जुळलेल्या रेघा पाहिल्या आणि किंचाळली, “ताई! टेक्निकली, हे काय होतं?”

“भूत,” ताई म्हणाली. “जा, खुशाल हस. पण उद्या अकरानंतर.”

गुरुवारी बैठकीत चौदा माणसं होती. मिस्त्रीला भिंतीजवळची खुर्ची दिली होती, आरोपीला देतात तशी. फरकताईनं आधी दोन रेघा दाखवल्या, न जुळणाऱ्या. मग भुतानं आणलेले आकडे. मग तीनशे एकेचाळिसावी ओळ, भिंतभर मोठी करून, टिपणासकट.

मागच्या रांगेतल्या एका हुशार माणसाला राहवलं नाही. बघून बघून पाठ झालेल्या सुरात तो हळूच म्हणाला, “फरक? कि-ती?”

खसखस पिकली. ताईनं मान पुढे काढली, चष्मा शेंड्यावर आणला.

“चार टक्के,” ती म्हणाली. “माझा. प्लेटा दहाच्या आहेत. मी काल स्वतः मोजल्या, अकरा प्लेटा, नऊ-नऊ जागी. त्या आधी मोजायला हव्या होत्या आणि मेल नंतर लिहायला हवी होती. मिस्त्रींच्या कामात काही खोट नाही. आणखी कोणाला काही विचारायचंय?”

विचारायचं सगळ्यांनाच होतं. पाऊण तास विचारलं. शेवटी ठरलं ते असं: प्लेटा वापरायच्या, मिस्त्री वर्कशॉपमध्येच राहणार, बाहेरच्या कारखान्याला नकार कळवायचा. तिच्या गेल्या अकरा वर्षांतल्या सगळ्या फाइली दुसऱ्या माणसानं तपासायच्या, आणि इथून पुढे प्रत्येक “जुळले”खाली तिच्या सहीशेजारी आणखी एक सही. दुसरी सही कोणाची? टेक्निकलीची. “टेक्निकली, मला चालेल ना?” असं ती म्हणाली, म्हणजे ते कोणाला विचारलं होतं देव जाणे. ताईच्या डोळ्यांपुढे पुढची दोन वर्षं उभी राहिली, प्रत्येक ओळीला एक ‘ना’.

आणि स्टोअरचा नियम: लाल कार्ड ज्याच्यामुळे लागलं, त्यानंच काढायचं. प्रत्येक कार्डावर सही. तीनशे साठ.

दुपारी दोनला ती पक्कड घेऊन प्लेटांपुढे उभी होती. मिस्त्री स्टुलावर बसला होता. चहा त्याच्या हातात होता, एकच कप.

“मिस्त्री, मी...”

“बैठकीत ऐकलं,” तो म्हणाला. “त्या तारेला उलटा पीळ आहे. असा नाही. दुसरीकडे फिरवा.”

तिनं दुसरीकडे फिरवला. बोटाला तार टोचली. स्टोअरवाल्यानं काय वैरानं बांधल्या होत्या का तारा? कार्ड काढ, सही कर, डब्यात टाक. कार्ड काढ, सही कर. पंचविसाव्याला पेन बंद पडलं. साठाव्याला पाठ बोलायला लागली. मिस्त्री अधूनमधून उठायचा, मोकळी झालेली प्लेट फडक्यानं पुसायचा आणि मांडणीवर उभी करायचा. बोलायचा नाही. ते न बोलणं तारेपेक्षा जास्त टोचत होतं, पण ते काढायला पक्कड नव्हती.

चार वाजून गेले.

“किती झाल्या?” मिस्त्रीनं विचारलं.

“एकशे बारा.”

“एकशे बारा?” त्यानं मांडणीकडे नजर फिरवली. “एकशे अकरा.”

“एकशे बारा! मी मोजतेय!”

“मोजताय?”

ताईनं पक्कड टेबलावर आपटली, मांडणीच्या डाव्या टोकाला गेली आणि पहिल्या प्लेटवर बोट ठेवलं. मिस्त्रीनं उरलेला चहा एका घोटात संपवला, कप खाली ठेवला आणि उजव्या टोकाला जाऊन उभा राहिला. एक, दोन, तीन, ती मोजत निघाली. एक, दोन, तीन, तोही निघाला, खणखणीत आवाजात, वर्कशॉपच्या त्या टोकाला ऐकू जाईल असा. सतराव्या प्लेटपाशी तिच्या डोक्यात त्याचा एकोणीस शिरला.

“अहो मिस्त्री, मनात मोजा हो!” ती ओरडली, आणि पुन्हा पहिल्या प्लेटकडे गेली.